आवटींची नक्कल

मामांनी पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं.

गार्गीनं हातातलं पेन टेबलावर आपटलं. या वेळी तर तिनं 'कॅन्सर' हा शब्द तोंडातून काढलाही नव्हता. खुर्ची पुढं ओढली, पाणी दिलं, तब्येतीचं तुम्हाला स्वतःला काय वाटतंय म्हणून विचारलं. ते जरा बोलते झाल्यावर एवढंच म्हणाली की रिपोर्ट आपल्याला हवे होते तसे आलेले नाहीत. झालं. पडद्यावरच्या मामांचा खालचा ओठ थरथरला, डोळे छताला लागले आणि मग भिंत. आता ते जेवायचे नाहीत, औषध घ्यायचे नाहीत, आणि शेवटी घरी न्या म्हणून हात जोडायचे. तिला सगळं पाठ झालं होतं. कोपऱ्यातला दिवा लाल झाला आणि एका बाईचा गोड, डोक्यात जाणारा आवाज आला. सराव संपला. पुन्हा प्रयत्न करा.

"तूच कर," गार्गी त्या दिव्याला म्हणाली.

खरे मामा वरच्या मजल्यावर खिडकीजवळच्या खाटेवर मऊ भात खात होते आणि आतड्याची सूज उतरली का म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते. खाली पडद्यावर होती ती त्यांची नक्कल.

सांगलीहून हरिपूरकडे निघालं की नदीच्या अंगाला ओलावा केंद्र लागतं. जो आजार बरा व्हायचाच नाही, त्यातलं दुखणं, धाप, मळमळ कमी करायची आणि माणसाचे राहिलेले दिवस माणसासारखे जातील असं बघायचं, हे तिथलं काम. या कामाचा पदव्युत्तर कोर्सही तिथंच चालतो. पॅलिएटिव्ह केअर असं त्याचं नाव, आणि ते धड उच्चारायला शिकेपर्यंत अर्धं वर्ष सरतं. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपीवाले, सगळे एकाच वर्गात. गार्गी पाखरे नर्स. आयसीयूत नळ्यांना लटकलेली माणसं बघून बघून वैतागली आणि नोकरी सोडून इथं आली.

कोर्समधलं बाकी सगळं तिला जमायचं. मॉर्फिन किती द्यायचं, कधी वाढवायचं, पोट साफ राहायला सोबत काय द्यायचं, हे पुस्तकात सापडतं. पण समोरच्याला 'तुम्ही बरे होणार नाही' हे कसं सांगायचं, ते कुठल्या पानावर आहे? आणि चुकलं तर शब्द परत गिळता येत नाही. म्हणून ही नक्कल निघाली. कागदावर तिला 'प्रतिरुग्ण' म्हणायचे. कोर्सची पोरं सरळ नक्कल म्हणायची.

तिचं काम तसं सोपं होतं. पेशंट भरती झाला की त्याच्या गळ्याखाली, हाडाजवळ, बोटभर पट्टी चिकटवायची. ती नाडी मोजायची, श्वास मोजायची, कातडीला सुटणारा घाम मोजायची. बोलणं ऐकायची, बोलता बोलता माणूस कुठं थांबतो तेही टिपायची. आठवडाभर असा माल गोळा झाला की यंत्र त्यातून त्या माणसाची चाल शिकायचं. कोणत्या वाक्यानं याची छाती धडधडते, कोणत्या प्रश्नाला हा विनोद करतो, कुठं गप्प बसतो. मनात काय चाललंय हे यंत्राला कळत नाही, असं डॉ. शिरगुप्पे पहिल्याच तासाला सांगायचे. त्याला फक्त कशानंतर काय होतं एवढं कळतं. पण तेवढ्यावरून ते पडद्यावर असा माणूस उभा करायचं की नातेवाईक बघून हबकायचे. मग विद्यार्थ्यानं त्या नकलेला आधी बातमी सांगायची. नक्कल सावरली, दिवा हिरवा झाला, की खऱ्या माणसाकडे जायचं. हिरव्याशिवाय कुणी वर पाऊल टाकायचं नाही.

आणि यंत्र चुकायचं नाही, हीच तर पंचाईत होती. मागच्या महिन्यात कवठ्याच्या आक्काताईंना सांगायचं होतं. नकलेनं बातमी ऐकून आधी म्हशीची चौकशी केली होती. खऱ्या आक्काताईंनीही डोळे पुसायच्या आधी तेच विचारलं, गाभण म्हैस आता कोण बघणार. वर्गातली पोरं थक्क झाली. त्या दिवसापासून पोरांनी पेशंटचं तोंड बघणं सोडलं. समोरचा बोलत असायचा आणि हे पाठ केलेल्या वाक्याची वाट बघत मान हलवायचे. गार्गीला त्यांचा राग यायचा. आणि आता तीच रोज खाली येऊन मामांच्या नकलेसमोर बसत होती.

मामांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, यकृतापर्यंत गेलेला. त्यांना सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना सांगितलं होतं की आतड्याला सूज आहे. हे सुरेखामामीनं ठरवलं, मुलानं, प्रज्वलनं, उचलून धरलं, आणि मग सगळा गोतावळा कामाला लागला. भेटायला येणारा प्रत्येक जण दाराबाहेर डोळे पुसून, तोंडावर हसू चिकटवून आत यायचा. मामी तर कमालच करायची. जिन्यात रडायची आणि खाटेजवळ येऊन शेजारणीच्या सुनेच्या गमती सांगायची.

गार्गी शाळेला मामांकडेच होती. तिच्या चपलेचा अंगठा तुटला तरी मामा स्वतः शिवून आणायचे. म्हणून मामीनं तिला जिन्यात गाठून हात धरला होता. तू इथलीच आहेस, तुझ्या त्या मास्तरांना सांग, आमच्या माणसाला कुणी काही सांगायचं नाही. त्यांचं काळीज मऊ आहे, ऐकलं तर त्याच दिवशी जातील.

एवढ्यावर राहिलं असतं तर गार्गी गप्प बसलीही असती. पण प्रज्वलनं पुण्यात एक सर्जन गाठला होता. मोठं ऑपरेशन, मग आणखी औषधं. गुरुवारी बेड मिळणार होता. डॉ. शिरगुप्प्यांनी रिपोर्ट समोर ठेवून समजावलं की या टप्प्याला त्या ऑपरेशनचा उपयोग नाही. पोट फाडून घेऊन माणूस उरलेला सगळा वेळ नळ्यांत काढेल, आणि बहुतेक तिथंच जाईल. प्रज्वल म्हणाला, प्रयत्न तरी करायला नको का? आणि मामा तर मुलानं बोट ठेवलं तिथं सही करणार होते, सूज काढायची आहे असं समजून.

म्हणजे गुरुवारच्या आत मामांना खरं कळलं तर ते स्वतः हो म्हणतील, नाही म्हणतील. नाही कळलं तर त्यांना पोत्यासारखं उचलून पुण्याला नेतील. नात्यातला पेशंट घ्यायचा नाही असा कोर्सचा नियम होता, पण परक्याला मामीनं खाटेजवळ उभंही केलं नसतं. शेवटी डॉ. शिरगुप्पे तयार झाले. अट एकच, दिवा हिरवा झाला पाहिजे.

आज मंगळवार होता.

तिनं हळू सांगून बघितलं. चटकन सांगून बघितलं. देवाचं नाव घेतलं. मामांना आवडतं तसं एसटीच्या भाषेत सांगितलं. कारण मामा मोहन आवटी म्हणजे सांगली स्टँडचे कंट्रोलर, आख्खी हयात त्या खिडकीत माईकसमोर गेलेली. काही उपयोग नाही. रिपोर्टचा विषय निघाला की नकलेची नाडी उडायची आणि भिंत यायची. पडद्याच्या कडेला आलेख दिसायचा. खऱ्या मामांच्या आठवडाभराच्या नोंदीतही जिथं जिथं 'रिपोर्ट' शब्द होता, तिथं तिथं असाच डोंगर. यंत्राचं म्हणणं स्पष्ट होतं. हा माणूस या बातमीला घाबरतो. सांगाल तर तो मोडेल.

आणि गार्गीला ते पटायला लागलं होतं. वर जाऊन मामांच्या अंगावर पांघरूण घालताना तिला ते आधीच मोडलेले दिसायचे. ते काहीतरी विचारायचे आणि ती भलतंच उत्तर द्यायची, कारण नकलेनं असं काही विचारलेलं नसायचं.

बुधवारी सकाळी ती वॉर्डच्या दारापाशी थांबली होती. आत जायला धीर होत नव्हता. दाराला गोल काच होती. मामा नेहमीसारखे उताणे, उशीला टेकून, हसत. मामी काहीतरी सांगत होती. मग मामी उठली आणि डबा धुवायला मोरीकडे गेली.

तिची पाठ वळली आणि मामा घडी घातल्यासारखे पुढं वाकले. उशी पोटाशी दाबून गुडघ्यांवर डोकं टेकलं. एक हात खाटेच्या कडेच्या नळीवर, बोटं पांढरी.

स्वादुपिंडाचं दुखणं असंच असतं. पोटातून पाठीत आरपार जातं आणि पुढं वाकलं की थोडं उतरतं. उताणं झोपलं की जास्तीत जास्त छळतं. हे तर गार्गीनं परीक्षेत लिहिलं होतं. रोज विचारलं की मामा म्हणायचे, छे, दुखत कुठं आहे. मॉर्फिन नको, ते मोठ्या आजाराचं औषध, मला कशाला. आणि दिवसभर उताणे पडून हसायचे.

मोरीकडून मामीच्या चपलांचा आवाज आला. मामा सरळ झाले. उशी पाठीमागं गेली. हसू जागेवर.

गार्गी धावत खाली गेली.

तिनं नक्कल चालू केली आणि सरावाच्या खोलीत कोण कोण आहे ते भरायच्या जागी मामीचं नाव खोडलं. आजवर सगळे सराव तिनं मामी खाटेजवळ आहे असं धरूनच केले होते. मामीशिवाय ती खाट तिच्या डोळ्यांसमोरच येत नव्हती.

पडद्यावर मामा आले. गार्गीनं विचारलं, "मामा, मामी बाहेर गेल्यात. आपण दोघंच आहोत. काय वाटतंय तुम्हाला?"

नकलेनं दाराकडे बघितलं. "येईल एवढ्यात."

"यायला वेळ लागेल त्यांना. तुम्ही बोला."

"येईल एवढ्यात," नक्कल म्हणाली. चेहरा रिकामा, धुतलेल्या पाटीसारखा. "येईलच एवढ्यात." आणि पुन्हा दाराकडे बघितलं. पुन्हा तेच. गार्गीनं विषय बदलला, दुखण्याचं विचारलं, शाळेच्या आठवणी काढल्या. ती बापडी नक्कल दाराकडे बघत राहिली. तिच्यापाशी दुसरं काही नव्हतंच.

गार्गीला संताप आला. हे यंत्र परदेशात तयार झालं होतं. तिथं पेशंट आपल्या खोलीत एकटा असतो, भेटीच्या वेळेला माणसं येतात आणि जातात. इथं? इथं पेशंटपाशी माणूस बसलेलंच असतं. हलत नाही, जेवायलासुद्धा नाही, कारण पेशंटला एकटं टाकून गेली असं लोक म्हणतील. आठवडाभर पट्टीनं मामांचं जे जे बोलणं ऐकलं, ते सगळं मामीच्या समोरचं. एकटे असताना ते तोंडच उघडत नव्हते. यंत्र ज्यांना ओळखत होतं ते मामीसमोरचे मामा. आणि 'रिपोर्ट' म्हटल्यावर छाती धडधडत होती ती बातमीच्या भीतीनं, की आता मामीचा बांध फुटेल या भीतीनं? आलेखात डोंगर दिसतो. कशासाठी ते डोंगरावर लिहिलेलं नसतं.

ती डॉ. शिरगुप्प्यांकडे गेली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, शक्य आहे. पण शक्य आहे म्हणजे खरं आहे असं नाही. तुझा अंदाज चुकला आणि ते खरंच मोडले तर? दिवा लाल असताना गेलीस तर सरावाच्या विषयात मी तुला पास करू शकत नाही, तो नियम माझा नाही. पण ते राहू दे. मोडलेल्या माणसाला उचलायचं कसं, हे सांग मला.

गार्गीनं उलट विचारलं, प्रज्वल कधी येतोय? दुपारी, गाडी घेऊन. उद्याची भरती सकाळची, म्हणून आजच निघणार होते.

आता मामीला उठवायचं कसं? केंद्रात दुपारी नातेवाईकांचा वर्ग असायचा. घरी गेल्यावर पेशंटची कूस कशी बदलायची, तोंड कसं पुसायचं, हे शिकवायचे. मामीनं तो रोज बुडवला होता. गार्गीनं आवाज चढवून सांगितलं की हा वर्ग केल्याशिवाय इथून कुणाला सोडत नाहीत, पुण्याचं विसरा. थाप होती. मामी पुटपुटत, वळून वळून बघत गेली. जाताना बजावून गेली, तोंड सांभाळ गं बाई.

गार्गी खुर्ची ओढून बसली. पहिलं वाक्य तिनं घोटून ठेवलं होतं. तिनं तोंड उघडलं, आणि मामा म्हणाले, "पट्टी काढ आधी."

हे कुठल्याच सरावात नव्हतं.

"मामा, ती काढली की बाहेर नर्सच्या टेबलाजवळ घंटा वाजते. सर येतील."

"येऊ देत. माझं बोलणं आहे, यंत्राला कशाला पाहिजे? त्यात काय सुरेखा ऐकते का काय, मला कळत नाही."

तिनं पट्टी सोडवली. खाली कातडी लाल झाली होती. मामांनी उशी ओढली, पोटाशी धरली आणि पुढं वाकले. थोडा वेळ नुसताच श्वास. बाहेर घंटा वाजायला लागली.

"स्कॅनच्या दिवशीच कळलं मला," ते उशीत बोलले. "डॉक्टर प्रज्वलला बाहेर घेऊन गेला. सूज असली तर बाहेर नेतात होय? आणि दुसऱ्या दिवशी माझी मेहुणी सोलापूरहून आली, पंधरा वर्षांत न आलेली. गार्गे, मी कंट्रोलर आहे. पेठ नाक्याला गाडी बंद पडली की मला फोन यायचा. मग मी माईकवर काय सांगायचो? गाडी निघाली आहे, येईलच. येतीय म्हटलं की माणसं शेंगा खात बसतात. बंद पडली म्हटलं की खिडकीवर येतात."

"आणि माणसांना कळायचं नाही?"

"कळायचं की. दोन शेंगा जास्त खायची."

गार्गीला हसू आलं आणि हसताना डोळे भरले. हे कोर्समध्ये चालत नाही. पण तेव्हा कोर्स कुठं आठवतोय. तिनं विचारलं, मग हे दुखणं का लपवलंत? मॉर्फिननं निम्म्याच्या वर उतरलं असतं.

"ते औषध घेतलं की हिला कळणार, मला कळलंय म्हणून. मग तिनं कुणासमोर हसायचं? ती त्या हसण्यावर उभी आहे बघ. ते काढून घेतलं की पडेल." त्यांनी खाटेच्या कडेची नळी घट्ट धरली. "पुण्यालाही जाणार होतो मी. तिच्या मनाला लागू नये म्हणून. जातो, मरतो तिथं, काय फरक पडतो."

इतकं सरळ बोलले ते, चहाला जातो म्हणावं तसं. यंत्र म्हणत होतं, सांगाल तर मोडेल. इथं हा माणूस कधीचा सगळं पोटात घेऊन बायकोसाठी पोट फाडून घ्यायला निघाला होता.

दारात डॉ. शिरगुप्पे आले. त्यांनी सुटलेली पट्टी बघितली, वाकलेले मामा बघितले, आणि काही बोलायच्या आत मामांनी हात वर केला. "साहेब, दोन मिनिटं." ते दारातच थांबले.

मग मामांनी मान वर केली आणि आशेनं विचारलं, तुमच्या त्या यंत्रात सुरेखाची नक्कल करता येईल का? म्हणजे मला आधी सांगून बघता येईल. कुठलं वाक्य चालेल, कुठलं नाही.

करता आली असती. नातेवाईकांसाठीही पट्टी होती. आठवडा लागला असता, आणि आठवडाभर मामीनं पट्टी लावून मामांसमोर हसायचं. यंत्र ते हसणं शिकलं असतं आणि बातमी ऐकून मामी कशी कोसळते ते दाखवलं असतं. मग मामा कधीच बोलले नसते.

"नाही मामा," ती म्हणाली. "तुमचीच चुकली. त्या नकलेत तुम्ही नाही. मामींचीही चुकेल."

"मग?"

"मग तसंच सांगायचं. सराव न करता. मी बसते इथं."

"आणि ती पडली तर?"

सकाळपासून दुसऱ्यांदा तोच प्रश्न. गार्गीनं दाराकडे बघितलं. डॉ. शिरगुप्पे जागा करून बाजूला झाले, कारण जिन्यातून चपलांचा आवाज येत होता. मामी वर्ग अर्धा टाकून आली होती.

मामी आत आली आणि थबकली. मामा पुढं वाकलेले. पट्टी गादीवर. गार्गीचं नाक लाल. तिनं आधी गार्गीकडे असं बघितलं की गार्गीला वाटलं आता कानाखाली बसते. मग तिचा चेहरा बदलायला लागला, ते नेहमीचं हसू वर यायला लागलं, आणि मामांनी सरळ व्हायचा प्रयत्न केला. सवयीनं. उशी मागं सरकवली, अंग ताठ केलं, आणि त्याच वेळी कळ आली. तोंडातून जो आवाज निघाला तो मामीनं उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

कळ ओसरली.

"सुरेखा," मामा म्हणाले. घामानं कपाळ चमकत होतं. "सूज नाही. मला ठाऊक आहे. पहिल्यापासून."

मामी पडली नाही. ती भिंतीला टेकली, आणि गार्गी उठणार तेवढ्यात तिनं हातानंच तिला बस म्हणून सांगितलं.

"पहिल्यापासून," मामी म्हणाली.

"हो."

"मग मी हे कुणासाठी करत होते?"

मामांनी बाहीनं कपाळ पुसलं.

"शेजारच्या सुनेच्या गमती सांगत होते मी. घशाखाली घास उतरत नव्हता आणि तुमच्यासमोर चिवडा खात होते, तुम्हाला वाटू नये म्हणून. आणि तुम्ही," तिचा आवाज चिरकला, "तुम्ही दुखत असताना उताणे पडून ऐकत होता? हसत होता? अहो, दुखतंय तर दुखतंय म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?"

ती चिडली होती. खरीखुरी, लालबुंद. मामी रडेल याची गार्गीची तयारी होती, बेशुद्ध पडेल याचीही होती, पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता. या रागाची तयारी नव्हती. मामा भांबावून बायकोकडे बघत होते. आणि मग त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ते रडले. भिंतीकडे न वळता, मामीसमोर. मामी खाटेवर बसली, उशी उचलली आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या पोटाशी धरली. कशी धरायची ते तिला जमेना. मामांनी तिचा हात सरकवून दाखवलं, इथं, जरा वर.

"औषध दे गं यांना," मामी गार्गीकडे न बघता म्हणाली. "ते मोठ्या आजाराचं."

डॉ. शिरगुप्प्यांनी मान हलवली. गार्गीनं बाटलीतून मॉर्फिन मोजून घेतलं. मग पुन्हा एकदा मोजलं. मामीनं तिच्या हातातून घेतलं आणि मामांना पाजलं. कडू लागलं, त्यांनी तोंड वाकडं केलं. ही पहिली गोष्ट होती जी त्यांना आवडली नाही आणि त्यांनी तसं दाखवलं.

खाटेवर मामीचा फोन वाजला. प्रज्वल. गाडी खाली आली होती. फोन वाजत राहिला आणि तिघांनी त्याच्याकडे बघितलं. मामांनी हात पुढं केला, पण मामीनं फोन आधी उचलला. ती बराच वेळ नुसतं ऐकत होती. प्रज्वल मधून मधून जोरात बोलत होता ते बाहेरही ऐकू येत होतं. शेवटी ती म्हणाली, गाडी परत पाठव. नाही, मला कुणी काही भरवलेलं नाही. तुझ्या बाबांना विचार, तेच सांगतील, त्यांना सगळं ठाऊक आहे. तू वर ये. आणि हे बघ, जिन्यात तोंड पुसत बसू नकोस, तसाच ये.

फोन ठेवल्यावर तिचा जोर एकदम ओसरला. खांदे खाली आले. तिला आता पहिल्यांदा सगळं दिसायला लागलं असावं, घर, खाट, पुढचे दिवस. दारात डॉ. शिरगुप्पे गार्गीला हळूच म्हणाले की पट्टीचं आणि लाल दिव्याचं मला लिहावं लागेल, पुढच्या सत्रात तुला परत बसावं लागेल. गार्गी बरं म्हणाली. ते गेले.

"आता काय होईल?" मामीनं विचारलं.

या प्रश्नाची उत्तरं गार्गीनं वर्गात घोकली होती, घाबरलेल्यासाठी वेगळं, चिडलेल्यासाठी वेगळं. त्यातलं एकही पुढं येईना. आपण चुकीचं काही बोलून बसलो तर दोघंही आत्ता कुठं टेकलेत तिथून घसरतील. बाहेर जिन्यावर प्रज्वलचे बूट वाजायला लागले होते. ती मामीच्या जवळ सरकली, मामांकडे पाठ केली आणि खालच्या आवाजात सुरुवात केली, "सगळं मलाही ठाऊक नाही मामी. पण आधी भूक कमी होईल. त्या वेळी बळजबरीनं..."

मामीनं तिचा खांदा धरून तिला खाटेकडे वळवलं.

"मोठ्यानं बोल," ती म्हणाली. "त्यांनाही ऐकू दे."